देवकते डॉक्टर आणि माझं दयामरणाचं भाषण

जवळा बाजारच्या कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवायला आलो, तेव्हा घरमालकानं खोल्या दाखवता दाखवता सांगितलं, "बाजूलाच डॉक्टर राहतात. तब्येतीची काळजी सोडा." मला तब्येतीची काळजी करायला मनापासून आवडतं. त्यामुळे भिंतीपलीकडे हक्काचा डॉक्टर आहे म्हटल्यावर मी भाड्यात घासाघीससुद्धा केली नाही.

पहिल्याच आठवड्यात कणकण आली. शाल गुंडाळून मी शेजारी गेलो. ओट्यावर एक धिप्पाड गृहस्थ बनियनवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी माझी सगळी लक्षणं शांतपणे ऐकून घेतली. मी ती नीट मुद्देसूद सांगितली होती. मग त्यांनी मला जवळ बोलावलं, मानेची कातडी दोन बोटांत धरून ओढली, सोडून दिली आणि ती जागेवर कशी जाते ते पाहिलं. नंतर माझा खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या.

"पाणी कमी पिऊन राहिलात," ते म्हणाले. "बाकी जनावर चांगलं हाय."

आतून बाईमाणसाचं खळखळून हसणं ऐकू आलं. "अवो, सांगा तरी त्यांना, तुमी कोणाचे डॉक्टर ते!"

डॉ. भुजंगराव देवकते हे गुरांचे डॉक्टर आहेत हे मला असं कळलं. दिवसभर तांब्यांवर तांबे पाणी प्यालो आणि संध्याकाळी ताप उतरला. तेव्हापासून माणसांच्या डॉक्टरवर माझी पहिल्यासारखी श्रद्धा राहिली नाही.

डॉक्टर मूळचे साखऱ्याचे, धनगराच्या घरातले. वडिलांची मेंढरं होती. शाळेच्या सुट्टीत मेंढरांमागं हिंडून शिकलेला हा माणूस सरकारी दवाखान्यात खुर्चीवर बसलेला मी फारसा पाहिला नाही. खुर्चीवर त्यांची पिशवी असायची आणि ते कुणाच्या तरी गोठ्यात असायचे. त्यांची बोलण्याची तऱ्हा उलटी होती. जनावरांना अहोजाहो करायचे आणि जनावराच्या मालकाला अरेतुरे. "उठा बाई, जरा पाय दाखवा," असं म्हशीला म्हणायचे, आणि त्याच श्वासात मालकाला, "तू व्हय बाजूला, तुझ्या तोंडाचा वास येऊन राहिला तिला." सुभद्राकाकू, म्हणजे त्यांची बायको, यावर म्हणायच्या, "एकदा म्हैस म्हणून जल्माला आले असते तर मला बी कोणी 'उठा बाई' म्हटलं असतं."

रोग्याच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नसे. "तोंड काय सांगतं ते नगा ऐकू, सर. पाय कोणता उचलून धरलाय ते बगा. जनावर खोटं लंगडत न्हाई." माझ्याकडे बघून हे वाक्य ते जरा जास्तच वेळा म्हणत.

आता माझ्या भाषणांविषयी सांगायला हवं. मी भाषणं करतो. पाणलोटावर केलं, मतदानावर केलं, वाचनसंस्कृतीवर तर तीनदा केलं. या भाषणांनी पंचक्रोशीत कुणाचं मत बदलल्याचं ऐकिवात नाही, माझंसुद्धा नाही. पण गावातल्या वाचनालयाच्या मंडळींनी व्याख्यानाला बोलावलं तेव्हा मी ठरवलं की यंदा असा विषय घ्यायचा, जो हिंगोली जिल्ह्यात अजून कुणी घेतलेला नाही. कोर्टानं मरणपंथाला लागलेल्या माणसाची यंत्रं काढायला अटी घालून परवानगी दिल्याचं मी वाचलं होतं. म्हटलं, आपण एक पाऊल पुढं जाऊ. ज्याचं दुखणं बरं होणार नाही, ज्याला ते सोसवत नाही आणि जो स्वतः शुद्धीवर असून मागतो आहे, त्याला डॉक्टरनं सुई देऊन सोडवावं. तसा कायदाच हवा. विषय ठरला : 'दयामरण : काळाची गरज'.

आणि मला आठवलं की हे काम प्रत्यक्ष करणारा माणूस माझ्या भिंतीपलीकडे राहतो.

"डॉक्टर, मला एकदा तुमच्याबरोबर न्या," मी म्हणालो. "मला अनुभव हवा."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जेवून येऊ नका," एवढंच म्हणाले.

डोंगरकड्याच्या अलीकडे एका तांड्यावर एक म्हैस दगडाच्या खाणीत पडली होती. कंबर मोडलेली. गड्यांनी दोर लावून वर काढली होती, पण मागचं धड निकामी झालं होतं. ती पुढच्या पायांवर उठायला बघायची आणि पुन्हा कोसळायची. म्हशीची मालकीण एक म्हातारी होती, जिला सगळा तांडा याडी, म्हणजे आई, म्हणायचा. डॉक्टरांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, शेपटीपाशी टोचून पाहिलं आणि पिशवी न उघडताच खाली बसले.

"काय इचार हाय, याडी?"

"तूच सांग."

"म्या सांगणार न्हाई. म्हैस तुझी हाय. ती आता उठत नसते. चार दिवस अशीच ओढीत ऱ्हाईल, मग जाईल. न्हाई तर आज म्या सोडवतो."

म्हातारीनं म्हशीच्या कपाळावरचा चिखल पदरानं पुसला. मग घरात गेली, गूळ आणि भाकर घेऊन आली. म्हशीनं गूळ खाल्ला, भाकर खाल्ली नाही. म्हातारीनं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. डॉक्टर बसून राहिले. मी घड्याळ बघितलं तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं. शेवटी म्हातारीनं मान हलवली आणि डॉक्टर म्हणाले, "सर, तुमी दावं धरा."

मी दावं धरलं. पुढचं मला जे आठवतं ते असं : डॉक्टर म्हणाले, "बसा बाई, आता तकलीफ न्हाई", म्हशीनं एक लांब श्वास सोडला, आणि आकाश एकदम फार जवळ आलं. मी जागा झालो तेव्हा कडुनिंबाखाली बाजेवर होतो. याडी माझ्या तोंडावर पाणी शिंपडत होती आणि सगळा तांडा म्हशीला सोडून माझ्याभोवती जमला होता. कुणीतरी विचारत होतं, "यालाबी दिली का काय सुई?"

परत येताना डॉक्टर मोटारसायकल सरळ हाकत राहिले. जवळा बाजारच्या वेशीवर मात्र त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले आणि पोट धरून हसले. हसून झाल्यावर डोळे पुसले. ते बराच वेळ पुसत होते.

व्याख्यानाच्या अध्यक्षस्थानी मी त्यांनाच बसवलं. फलक छापणाऱ्यानं 'दयामरण'चं 'दयाराम' केलं होतं, त्यामुळे 'दयाराम : काळाची गरज' हे वाचून बरीच गर्दी लोटली. हे दयाराम कोणत्या पक्षाकडून उभे आहेत, असं दोघांनी मला येऊन विचारलं. मी पाऊण तास बोललो. घटनेचं एकविसावं कलम, सन्मानानं जगण्याचा हक्क आणि त्यातूनच निघणारा सन्मानानं मरण्याचा हक्क, परदेशातले कायदे, सगळं. तांड्यावरचा प्रसंगही सांगितला, बेशुद्धीचा भाग वगळून. शेवटी आवाज चढवून म्हणालो, "जी दया आपण म्हशीला दाखवतो, ती माणसाला का नाही?" टाळ्या पडल्या.

अध्यक्ष उठले. ध्वनिक्षेपक तोंडापासून लांब धरून म्हणाले, "सर बराबर बोलले. असा कायदा पाहिजे असं मलाबी वाटते. खूपदा वाटते. पण एक हाय. म्हशीला म्या इचारत न्हाई, तिच्या मालकिणीला इचारतो. माणसाचा मालक कोण, ते तेवढं सरांनी सांगितलं न्हाई." आणि बसले.

टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मी आभार मानायला उठून आणखी दहा मिनिटं बोललो.

त्यानंतर काही वर्षं आम्ही ओट्यावर बसून हा वाद घातला. हंगामाप्रमाणे पुढ्यात कधी शेंगा असायच्या, कधी हुरडा. मी म्हणायचो, माणूस स्वतःचा मालक असतो. ते म्हणायचे, "दुखणं आलं की मालकी बदलते, सर. अंगात दुखणं आन घरात लेकरं, कोणाची किती मालकी, कसं काढणार?" कधी ते माझ्या बाजूला यायचे आणि मीच घाबरून विरुद्ध बोलायला लागायचो. सुभद्राकाकू सूप पाखडता पाखडता ओरडायच्या, "अवो, जिवंतपणी एवढं भांडता, मरायला वेळ तरी ऱ्हाईल का तुमाला?"

मग काकूंचीच पाठ दुखायला लागली.

पाठ कुणाची दुखत नाही? काकूंनी तेल लावलं, विटकरीनं शेकलं, डॉक्टरांना महिनाभर सांगितलंच नाही. डॉक्टरांना कळलं ते त्यांच्या चालण्यावरून. त्यांनी नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की कॅन्सर कुठून निघाला ते आता महत्त्वाचं राहिलेलं नाही, तो हाडांत पोचला आहे. घरी न्या. मूलबाळ नव्हतं. पुतण्या होता साखऱ्याला, तो अधूनमधून यायचा.

पुढच्या खोलीत बाज टाकली. डॉक्टरांनी रजा काढली आणि काकूंचं सगळं स्वतः केलं. त्यांना स्वयंपाक येत नव्हता, पण तो आपल्याला येतो असा त्यांचा समज होता. दर थोड्या वेळानं त्यांची कूस बदलायचे. "बसलेल्या जनावराची कूस बदलली न्हाई तर चट्टे पडतात," असं मला समजावून सांगायचे. काकू म्हणायच्या, "बगा सर, शेवटी गोठ्यातच आणून बांधली मला." मग म्हणायच्या, "पण उठा बाई म्हणतात आता. मिळालं एकदाचं."

दुखणं वाढलं तशा या गमती कमी झाल्या. आमची भिंत एकच, विटेची आणि पातळ. पाठीचं हाड आतून कोरल्यासारखं दुखायचं तेव्हा त्यांचा आवाज आमच्या जेवणाच्या ताटापर्यंत यायचा. मंगल, माझी बायको, घास ठेवून द्यायची. एका दुपारी भिंतीपलीकडून शब्द स्पष्ट ऐकू आले.

"तुमी त्या तांड्यावरच्या म्हशीला दिलं. मी तिच्यापेक्षा वाईट हाय का?"

डॉक्टरांचं उत्तर ऐकू आलं नाही. मी कान लावून बसलो होतो, तरी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या दारात उभे राहिले. हातात पत्र्याची छोटी पेटी होती. "सर, ही तुमच्याकडं ठेवा. जनावरांना द्यायचं ते हाय यात. दवाखान्यात ठेवलं असतं, पण तिथली चावी माझ्याकडंच असते." मग खाली बघून म्हणाले, "माझा माझ्यावर भरवसा न्हाई ऱ्हायला."

मी पेटी घेतली. सन्मानानं मरण्याच्या हक्काचा पंचक्रोशीतला एकमेव जाहीर पुरस्कर्ता मी. ती पेटी मी आधी सदऱ्यांच्या खाली ठेवली. मग वाटलं, धोबी सदरे न्यायला येतो. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ठेवली, तर कुणी अंक मागायला येईल, असं वाटलं. खरं तर माझ्याकडून कुणी कधी अंक नेला नव्हता. शेवटी माळ्यावर, हंड्यात. आणि ती आहे ना, हे बघायला मी दिवसातून अनेकदा शिडी लावून माळ्यावर चढू लागलो. मंगलनं विचारलं, "हंड्यात काय अंडी घातलीत का?" मग मला सांगावंच लागलं. ती ऐकून "बरं" म्हणाली. आमच्या संसारात मंगलच्या 'बरं' नंतर मी सहसा काही विचारत नाही.

त्याच आठवड्यात काकूंनी मला बोलावून घेतलं. डॉक्टर दूध आणायला गेले होते.

"बसा, सर." आवाज खोल गेला होता, पण डोळे तसेच खट्याळ. "तुमी त्या दिवशी भाषण केलं होतं. म्या मागं बायांत बसले होते. लई पटलं होतं मला."

"हो का?" मी म्हणालो. खोटं कशाला सांगू, त्याही क्षणी मला बरं वाटलं.

"जो शुद्धीत हाय, ज्याला सोसवत न्हाई आन जो सोता मागतो, त्याला द्यावं. असंच म्हटलं ना तुमी?"

"हो."

"मी शुद्धीत हाय. मला सोसवत न्हाई. मी मागून राहिले. पेटी तुमच्याकडं हाय, मला माहीत हाय. द्या आता."

मी काय म्हणालो, ते मला शब्दशः आठवतं आणि ते आठवून आजही पंख्याकडे बघत बसावंसं वाटतं. मी म्हणालो, "काकू, सध्याच्या कायद्यात सक्रिय दयामरणाची तरतूद नाही. फक्त यंत्रं काढून घेण्याची परवानगी आहे."

"आन मला यंत्र लावलंय कुठं?"

"नाही लावलेलं."

"मंग आधी लावाल, आन मंग काढाल का?"

आणि त्या हसू लागल्या. हसताना पाठीत कळ गेली, तशा ओरडल्या, आणि कळ ओसरल्यावर पुन्हा हसल्या. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "जा, सर. तुमच्या हातात दावं दिलं तरी तुमी पडता. तुमाला काय मागायचं?"

मी घरी आलो आणि मंगलला म्हणालो, माझं मत बदललं. ती म्हणाली, "कुठलं?" मी विचार केला आणि मला सांगता आलं नाही. काकूंनी मागितलं ते चूक होतं असं मला वाटत नव्हतं. त्यांना ते मिळायला हवं, असंच वाटत होतं. फक्त ते मी देऊ नये, डॉक्टरांनी देऊ नये, आणि मी जेवत असताना देऊ नये.

दोन दिवसांनी भर दुपारी डॉक्टर आले. दाढी वाढलेली. रात्रभर काकू ओरडत होत्या, ते आम्हीही ऐकलं होतं. चप्पल न काढता आत आले, यापूर्वी कधी आले नव्हते.

"सर, ते द्या."

मी उठलो. शिडी लावली. चढताना माझ्या डोक्यात कलम नव्हतं, परदेश नव्हता, काही नव्हतं. एक पायरी होती आणि तिच्यानंतरची पायरी होती. हंड्यात हात घातला. पेटी नव्हती.

मी हंडा उलटा केला. खालून डॉक्टर बघत होते. मी दुसरा हंडा उलटा केला, मग पिंप. एक कळशी घरंगळून खाली गेली. मंगल स्वयंपाकघरातून आली आणि हात पुसत म्हणाली, "तिथं न्हाई ते. औंढ्याच्या गुरांच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्यात ना, त्यांच्याकडं देऊन आले मी परवा."

डॉक्टर तिच्या अंगावर ओरडले. मी त्यांना माणसावर असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "तुमाला कोणी सांगितलं होतं? तुमी कोण? तुमाला ऐकू येत न्हाई का ती काय करून राहिली ते?"

"येतं की," मंगल म्हणाली. "भिंत एकच हाय आपली."

डॉक्टर मटकन खाली बसले. मंगल त्यांच्यासमोर बसली. मी शिडीवरच होतो, कारण उतरण्याची ती वेळ नव्हती.

"डॉक्टर, वैनींचं दुखणं आधी थांबवा," ती म्हणाली. "त्या नांदेडवाल्यांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या ना, त्या भारीच्या?"

"दोनदा जाऊन आलो. मॉर्फिन हाय ते. इकडं मिळत न्हाई. तिथं आज या, उद्या या. तिला एकटी सोडून किती येरझारा घालू?"

"तिसऱ्यांदा जा. मी बसते त्यांच्यापाशी. थांबलं दुखायचं, तर मंग त्यांना इचारू, मरायचंय का. तवाबी त्या व्हय म्हणल्या..." मंगल थांबली. "तवाचं तवा बघू."

मी शिडीवरून म्हणालो, "मी पण येतो नांदेडला." दोघांनी वर पाहिलं. मी तिथं आहे हे ते विसरले होते, असं मला वाटलं.

नांदेडच्या त्या दवाखान्यात औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं सांगितलं, मोठ्या डॉक्टरांची सही पाहिजे आणि मोठे डॉक्टर कामात आहेत, उद्या या. देवकते डॉक्टर वळले. त्यांचे खांदे पडले होते. आणि मग मी ते केलं, जे मला येतं. मी बोलायला लागलो. एकविसाव्या कलमापासून सुरुवात केली. सन्मानानं जगण्याच्या हक्कात वेदनेपासून सुटकेचा हक्क कसा येतो ते सांगितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "साहब, लाइन में लोग हैं." मी रांगेकडे वळून रांगेला उद्देशून बोलू लागलो. मला आवाज आहे, आणि त्या दालनात तो छान घुमत होता. मी परदेशातल्या कायद्यांपर्यंत आलो, तेव्हा आतलं दार उघडलं, मोठे डॉक्टर बाहेर आले, कुणाची सभा आहे म्हणून विचारलं आणि कागद वाचून तिथंच उभ्या उभ्या सही केली. वर म्हणाले, "गोळ्या द्या त्यांना. आणि यांना घेऊन जा."

परतीच्या एसटीत औषधाची पिशवी मांडीवर धरून डॉक्टर म्हणाले, "सर, तुमच्या भाषणाचा कोणाला तरी गुण आला." मी आजवर मिळालेल्या सगळ्या शाली आणि नारळ या वाक्यावरून ओवाळून टाकीन.

गोळ्यांनी दुखणं गेलं नाही, पण मागं सरकलं. काकू झोपू लागल्या. जाग आल्यावर घरातल्या सगळ्या चुका त्यांना दिसू लागल्या आणि डॉक्टरांच्या स्वयंपाकाबद्दल त्यांनी इतक्या दिवसांचं साचलेलं बोलून घेतलं. पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्यांनी दरवर्षीप्रमाणे सजवलेले बैल डॉक्टरांच्या दारात आणले. काकूंना त्यांचा जांभळा स्वेटर चढवून, उशा लावून दारापाशी बसवलं होतं. ओवाळणीचं ताट मंगलनं धरलं आणि काकूंनी त्याला नुसता हात लावला. एका बैलाची शिंगं कुणी तरी घाईत रंगवली होती, त्याच्या मालकाला त्यांनी तिथल्या तिथं झापलं. मग मला जवळ बोलावलं.

"सर, झाला का तुमचा कायदा?"

"नाही, काकू."

"मंग ऱ्हाऊ द्या. दसऱ्यापर्यंत घाई करू नका."

दसऱ्यानंतर त्या उतरत गेल्या. श्वास लागायला लागला. साखऱ्याहून पुतण्या गाडी घेऊनच आला. नांदेडला नेऊ, यंत्रावर ठेवू, पैशाचं मी बघतो, असं म्हणू लागला. काकूंनी मानेनं नाही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "ती न्हाई म्हणून राहिली." पुतण्या चिडला. दारात माणसं जमली होती, त्यांच्यासमोर म्हणाला, "काका, इलाज असताना नेत न्हाई म्हणजे काकूला मारूनच टाकता ना तुमी?"

मला वाटलं, आता डॉक्टर काहीतरी बोलतील. मी तरी काहीतरी बोलेन. डॉक्टरांनी गाडीचं उघडं दार हळूच लोटून बंद केलं आणि पुतण्याला म्हणाले, "आत ये. तिचे पाय दाब. गार पडून राहिले." पोरानं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग आत गेलं आणि पायांशी बसलं.

त्या गेल्या त्या दुपारी डॉक्टर घरात नव्हते. गल्लीतल्या एकाची शेळी अडली होती. तो दाराशी घुटमळत होता, बोलायचं धाडस होत नव्हतं. काकूंनीच डोळे उघडून डॉक्टरांना म्हटलं, "जा, बगून या. मी हाय." ते गेले. मंगल काकूंचे केस विंचरत होती. वेणीचे दोन पेड झाले असतील.

डॉक्टर कोपरापर्यंत भरलेल्या हातांनी परत आले आणि उंबऱ्यातच थांबले. मंगलनं अर्धी राहिलेली वेणी पुरी करून टोक बांधलं. ते म्हणाले, "मला पाठवून दिलं तिनं." पुढं कैक दिवस ते हेच वाक्य म्हणत. कधी तक्रारीच्या सुरात, कधी कौतुकानं.

वर्षभरात ते निवृत्त झाले आणि साखऱ्याला पुतण्याकडे राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना भेटायला गेलो. खरं तर वाचनालयानं मला पुन्हा बोलावलं होतं, तोच विषय मागितला होता, आणि काय बोलावं ते मला कळत नव्हतं. ते गावाबाहेर मेंढरांपाशी होते. मी गेल्या गेल्या विचारलं, "डॉक्टर, एकदा शेवटचं सांगा. कायदा पाहिजे, का नको?"

"पाहिजे," ते म्हणाले. "का नसावा? म्या तिचं ओरडणं ऐकलं हाय, सर. ज्यानं ऐकलं त्यानं नगं म्हणू नये." एका मेंढीचा खूर हातात घेऊन ते त्यातला काटा शोधत होते. "पण नवऱ्याच्या हातात नगा देऊ ती सुई. आन मागणाऱ्याचं दुखणं आधी थांबवून बगा. आमी ते लई उशिरा केलं. तिनं महिना दीड महिना उगीच सोसलं. मला त्याचंच वाईट वाटते, बाकी कशाचं न्हाई."

"म्हणजे तुम्ही बाजूनं की विरुद्ध?"

"ते तुमचं काम हाय," ते म्हणाले. काटा सापडला, तो त्यांनी मला दाखवला, जणू मी तो बघायलाच आलो होतो.

एसटी आली तेव्हा ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. थंडी होती. अंगात त्यांनी बायकांचा जांभळा स्वेटर घातला होता, पुढं मोत्यांसारखी बटणं असलेला. बाह्या मनगटाच्या बऱ्याच वर आल्या होत्या आणि पोटावर दोन बटणं लागत नव्हती. मी चढलो. गाडी हलली. मागच्या काचेतून पाहिलं, तर ते मेंढरांत परत शिरले होते, वाकून कुठल्या तरी मेंढीशी बोलत. कंडक्टरनं कुठं म्हणून विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं आणि पुन्हा मागं वळलो. सगळी मेंढरं मातीच्या रंगाची झाली होती आणि त्यांच्यात जांभळा ठिपका तेवढा हळूहळू पुढं सरकत होता.